वर्षायू मिटले आहे

जिन्यातल्या फळ्यावर सेक्रेटरींनी लावलेली सूचना वेलांटीकाकांनी आधी दुरुस्त केली आणि मग वाचली. त्यांची पद्धतच तशी होती. 'कळविण्यात येते कि' मधला 'कि' त्यांनी दीर्घ केला, 'गच्चिवरील'ला लांब वेलांटी दिली, 'कुंडया'च्या 'कुंड्या' केल्या, लाल पेनाला टोपण लावलं आणि समाधानाने दोन पायऱ्या चढले. तिसऱ्या पायरीवर त्यांच्या डोक्यात मजकूर शिरला. ते तसेच उलट्या पावली खाली आले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं असल्याने गच्चीवरील सर्व कुंड्या, टब व इतर सामान रविवारपर्यंत हलवावे, अन्यथा ते भंगारात दिले जाईल, असं त्या आता अगदी निर्दोष झालेल्या सूचनेत लिहिलं होतं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत ते धावतच गेले.

"अगं, सेक्रेटरी माझा टब भंगारात देतोय!"

"म्हणजे गच्चीचं काम एकदाचं होणार तर," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वर करून स्वयंपाकघराच्या छताकडे पाहिलं. तिथे ओलीचा एक मोठा डाग होता आणि डागाखाली ओट्यावर कायमचं एक पातेलं. "चार अर्ज केले मी त्यासाठी. चारही तुम्हीच तपासून दिलेत."

"तेव्हा मला काय माहीत, त्यासाठी माझा टब हलवावा लागेल!"

"मग काय, गच्ची खालून दुरुस्त करतात?"

वेलांटीकाका एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासत आले होते. चूक दिसली की त्यांच्या उजव्या हाताला आपोआप खाज सुटायची. लग्नात मिळालेल्या ताटावरच्या नावातली चूकसुद्धा त्यांनी दाभणाने कोरून सुधारली होती. काकू एका दवाखान्यात पेशंटना नंबर देण्याचं काम करत. त्यामुळे त्या घरात एक जण शब्दांना ओळीत बसवायचा आणि दुसरी माणसांना.

आता या टबाची गोष्ट. काकूंची धाकटी बहीण वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. गावाबाहेरच्या एका माळावर दर वर्षी उगवणारं एक निळं रानफूल तिला फार प्रिय होतं. नखाएवढं फूल, पाच पाकळ्या, दौतीतल्या शाईसारखा रंग. तो माळ सपाट करून तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. तिच्याजवळ मूठभरही नाही, चिमूटभर बी उरलं. ते तिने चार घरांत सात-सात दाणे असं वाटलं. बाकीच्या तीन घरांत काहीच उगवलं नाही.

"भावोजी, आता सगळं तुमच्यावर," ती म्हणाली होती. "तुमच्याकडचं गेलं तर संपलं. मग फोटोच बघायचे."

सातांपैकी तीन उगवली. एक चिमणीने खाल्लं. एक काकूंनी प्रेमाने ओतलेल्या बादलीभर पाण्यात वाहून गेलं. उरलं एक. त्या एका रोपाने मात्र असा जोर धरला की दीड महिन्यात अर्धा टब हिरवा झाला आणि परवा सकाळी त्यावर पहिली तीन फुलं उघडली. काका तेव्हा गच्चीवर एकटेच नाचले. तळमजल्यावरचा लॉन्ड्रीवाला तिथेच दोऱ्यांपाशी होता; काकांना मुंगी चावली असावी असं समजून तो चादरी वाळत घालत राहिला.

मेहुणीने बियांबरोबर एक चिठ्ठी पाठवली होती: 'निळे रानफूल. एकवर्षायू. पूर्ण ऊन हवे. खत नको.' ती पाटीवर उतरवताना काकांचा लाल पेन थबकला होता.

"वर्षायू म्हणजेच एक वर्ष जगणारं. मग आणखी 'एक' कशाला? भरताड."

"राहू द्या की," काकू म्हणाल्या होत्या. "एका शब्दाने काय बिघडतंय?"

"शब्दानेच तर बिघडतं सगळं," असं म्हणून काकांनी 'एक' उडवला आणि टबात पाटी रोवली.

आणि बिघडलं ते तिथेच.

रविवारी दुपारी पावणेतीन वाजता सेक्रेटरी हातात यादी घेऊन गच्चीवर आले. काका टबासमोर उभे होते, काकू काकांच्या शेजारी. पलीकडे लॉन्ड्रीवाला दोरीवर चादरी टाकत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई गुडघ्यांना ऊन द्यायला खुर्चीत बसल्या होत्या. बाईंनी निम्म्या गल्लीला शाळेत शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला अजून शिकवत होत्या.

"टब हलला नाही अजून?" सेक्रेटरी म्हणाले.

"त्यात फुलं आहेत," काका म्हणाले.

"कुठे?" सेक्रेटरींनी चष्मा लावला, वाकले. "ही? मला वाटलं शाई सांडलीय."

"महिनाभर थांबा हो. बोंडं पिकली की मी स्वतः टब उचलतो. आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही. सावलीत ती उघडतच नाहीत."

"काका, नियम म्हणजे नियम. उद्या तुम्ही टब ठेवाल, परवा हा घोडा बांधेल."

"मी कशाला घोडा बांधू?" लॉन्ड्रीवाला लांबून म्हणाला.

एवढ्यात बाई उठल्या. जगात जिथे काही लिहिलेलं असेल तिथे ते मोठ्याने वाचायचं, ही त्यांची सवय. "निळे रानफूल," त्या वर्गात वाचावं तशा वाचू लागल्या, "वर्षायू." आणि थांबल्या. "अरे वा! किती गोड शब्द! कळला का तुम्हाला?"

"नाही बाई," सेक्रेटरी लगेच हात मागे बांधून उभे राहिले. तेही बाईंच्याच हाताखालून गेले होते.

"वर्षा म्हणजे?"

"पाऊस, बाई."

"मग 'वर्षा येऊ, वर्षा येऊ' असं दहा वेळा भरभर म्हण बरं."

सेक्रेटरींनी म्हटलं. सातव्या खेपेला खरोखरच 'वर्षायू' झालं.

"बघ! पाऊस येऊ घातला की सांगणारं फूल! आपल्या जुन्या लोकांनी नावं उगाच नाही ठेवली."

काकांच्या उजव्या हाताला अशी खाज सुटली की विचारू नका. "बाई, माफ करा, पण तो शब्द—"

"मिटतंय!" लॉन्ड्रीवाला ओरडला. "अहो काका, तुमचं फूल मिटतंय बघा!"

खरंच मिटत होतं. तीन वाजले होते आणि पाकळ्या एकमेकींना बिलगायला लागल्या होत्या. लॉन्ड्रीवाला हा विचार करत बसणाऱ्यांतला माणूस नव्हता. दवाखान्याच्या चाळीस पांढऱ्या चादरी त्या दिवशी संध्याकाळी द्यायच्या होत्या. त्याने धडाधड दोऱ्या मोकळ्या केल्या. शेवटची चादर जिन्यात गेली आणि पाचव्या मिनिटाला, कुठून आलं कोण जाणे, आभाळ भरलं आणि एक सणसणीत सर येऊन गेली.

सगळे जिन्याच्या छपराखाली अंग चोरून उभे राहिले. मग सेक्रेटरींनी खिशातून यादी काढली, तिच्यावरचा 'टब – १' खोडला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, हे सामानात मोडत नाही. हे यंत्र आहे."

काकांनी पुन्हा तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"महिनाभर," त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या. "महिनाभर तोंड बंद. बी पिकलं की करा काय दुरुस्त्या करायच्या त्या."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता फुलं मिटली. तिसऱ्या दिवशीही तीनलाच मिटली. रोज बरोबर तीनलाच कशी मिटतात, हा प्रश्न त्या इमारतीत कुणालाही पडला नाही. उलट फूल वक्तशीर आहे म्हणून कौतुक झालं. काकांनी मात्र मेहुणीला फोन करून विचारलं.

"ती तशीच असतात, भावोजी. नऊला उघडतात, तीनला मिटतात. बँकेसारखी. आणि आणखी एक गंमत आहे त्यांची—"

"गंमत नंतर," काका घाईने म्हणाले, "बोंडं कधी पिकतील ते सांग आधी. माझा जीव टांगणीला लागलाय इथे!"

पाऊस मात्र रोज येईना. चौथ्या दिवशी लॉन्ड्रीवाला अर्धवट ओल्या चादरी खांद्यावर घेऊन बाईंकडे गेला.

"बाई, मिटलं, पण पाऊस कुठाय?"

"तू नीट लक्ष देत नाहीस," बाई म्हणाल्या. "शब्द काय आहे? वर्षा येऊ. 'येतो' नाही, 'येऊ'. पाऊस विचारतोय, येऊ का? आपण कपडे काढून तयार दिसलो की जातो परत."

हे स्पष्टीकरण जिन्यातून वर येताना काकांनी ऐकलं. ते कठड्याला धरून दोन मिनिटं उभे राहिले. एका वाक्यात इतक्या चुका त्यांनी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या, आणि त्यातली एकही त्यांना सुधारता येत नव्हती. त्या संध्याकाळी त्यांना थोडा तापही आला.

मग सेक्रेटरींनी फळ्यावर रोजची सूचना सुरू केली. पहिली अशी होती: 'आज दु. ३ वाजता वर्षायु मिटले आहे. सर्व सभासदांनी ताबडतोब कपडे काढावेत.'

काका सूचनेसमोर उभे राहिले. मान फिरवून निघाले. पुन्हा आले. अर्थाला हात लावायचा नाही असं काकूंना वचन दिलं होतं, पण व्याकरणाचं वचन कुणी घेतलं होतं? त्यांनी 'वर्षायु'चा 'यु' दीर्घ केला, 'कपडे'च्या आधी 'दोरीवरचे' घातलं आणि छापखान्यातल्या सवयीने खाली 'तपासले' लिहून सही ठोकली.

सेक्रेटरींनी सही पाहिली आणि त्यांची छाती फुगली. "बघा, वेलांटीकाकांनी स्वतः तपासलंय! हा माणूस आयुष्यात कधी चुकीच्या मजकुरावर सही करत नाही."

आता शंकेला जागाच उरली नाही. शेजारच्या इमारतींतून लोक येऊ लागले. कुणाला सहल काढायची होती, कुणाला गाद्या उन्हात टाकायच्या होत्या, एका गृहस्थांना केस रंगवायचे होते. आणि फूल एवढंसं! ते दिसावं म्हणून आठ-दहा माणसं टबावर वाकायची, त्यांची सावली पडायची आणि पाव तासात भर दुपारी बारा वाजता फुलं मिटायला लागायची.

"बारालाच मिटलं! धो धो येणार!" की पळापळ.

शेवटी काकू मैदानात उतरल्या. त्यांनी सुट्टीच्या दिवशी टबापासून जिन्यापर्यंत खडूने रेघ मारली. "एकेकाने यायचं. वाकायचं नाही, बसायचं. सावली टबाबाहेर पाडायची. बोट लावायचं नाही. झालं बघून? पुढचा!" दवाखान्यात कधी कुणी त्यांचं इतकं ऐकलं नव्हतं. आतून त्याही हरखून गेल्या होत्या. एकदा तर झोपेत "पुढचा!" म्हणाल्या.

या सगळ्यात एकच माणूस आनंदी नव्हता, तो म्हणजे वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार. तो रोज सकाळी डांबराची पिंपं घेऊन यायचा आणि सेक्रेटरी त्याला सांगायचे, "थांबा, फूल काय म्हणतंय बघू." तीन वाजता फूल मिटायचं. "उद्या या."

"साहेब, चोवीस वर्षं या धंद्यात आहे," ठेकेदार एक दिवस डोकं धरून म्हणाला. "नळाला विचारलं, भिंतीला विचारलं. फुलाला विचारून काम नाही केलं कधी!"

इकडे काकूंच्या ओट्यावर पातेल्याच्या जागी घमेलं आलं. अवेळी सरी अधूनमधून पडतच होत्या. टप टप आवाज ऐकत नवरा-बायको जेवायचे.

"तुमच्या एका 'एक'पायी," काकू वर बघत म्हणायच्या, "माझी आमटी पातळ होतेय."

"अजून आठच दिवस," काका म्हणायचे. त्यांचा चेहरा मात्र उजळलेला असायचा. कारण फुलांच्या जागी आता देठादेठाला मिऱ्याएवढी गोल बोंडं लटकत होती. मेहुणीने सांगितलं होतं की ती पिकली की मधोमध चीर पडते आणि वरचा अर्धा भाग डबीच्या झाकणासारखा उडतो. त्या झाकणांची वाट बघत काका सकाळी दात घासतानाही गच्चीवर जायचे.

बोंडं पिकायला लागली तसं रोप वाळायला लागलं. जन्माचं काम उरकलेलं रोप ते. पानं पिवळी पडली, देठ तपकिरी झाले, कुठेतरी एखाद-दुसरं फूल उरलं. काकांना ते बघून उकळ्या फुटत होत्या, आणि बाकी इमारतीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रविवारी सकाळी साडेदहाला काका खाली दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता. तेवढ्यात वरून काकूंची हाक आली. ती हाक ऐकून खालच्या दोन मजल्यांवरचीही दारं उघडली.

"अहो, वर या! तुमच्या रोपाची हजामत चाललीय!"

काका तसेच धावले. गच्चीवर सगळी इमारत जमली होती. टब दोन विटांवर चढवलेला, त्याच्याखाली कचरा होऊ नये म्हणून लॉन्ड्रीवाल्याने स्वच्छ पांढरी चादर अंथरलेली. बाई खुर्चीवरून सूचना देत होत्या. आणि सेक्रेटरी हातात कात्री घेऊन रोपावर वाकले होते.

"घाबरू नका काका," सेक्रेटरी प्रेमाने म्हणाले. "आजारी पडलंय. वाळलेलं सगळं उडवतो, म्हणजे नवं फुटेल. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला बघवलं नसतं."

"ती वाळलेली बोंडं—" काकांना धाप लागली होती, "ती नका— ठेवा ती कात्री खाली!"

"मन घट्ट करा."

"मन गेलं खड्ड्यात! ते मरणारच आहे! मरायलाच हवं त्याला!"

काकांच्या हनुवटीवरून साबण ओघळत होता, पण आता ते थांबणार नव्हते. महिनाभर कोंडलेली दुरुस्ती होती ती.

"वर्षायू म्हणजे पाऊस नव्हे! वर्ष! वर्ष अधिक आयू! एक वर्ष जगणारं! उगवतं, फुलतं, बी देतं आणि मरतं. ही बोंडं म्हणजे बी आहे. हे कापलंत तर जगातून गेलं ते! पावसाशी त्या शब्दाचा काडीचाही संबंध नाही! ते रोज तीन वाजता मिटतं, कारण तीन वाजतात!"

"मग," बाईंनी अगदी गार आवाजात विचारलं, "पाटीवर एकवर्षायू का नाही लिहिलंत?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी आभाळाकडे पाहिलं.

"'एक' होता," काका पुटपुटले. "मी काढला."

"आणि माझ्या सूचनेवर रोज 'तपासले' म्हणून सही?" सेक्रेटरी म्हणाले. रागाने त्यांची मूठ आवळली. दुर्दैवाने मुठीत कात्री होती.

कच्च!

एक जाड फांदी तुटली. काका तिच्यावर झेपावले, सेक्रेटरी दचकून मागे सरकले, टब विटांवरून कलंडला आणि पिकलेल्या बोंडांची झाकणं एकाच वेळी फटाफट उडाली. बी उधळलं. थोडं चादरीवर, थोडं गच्चीच्या भेगांत, थोडं सेक्रेटरींच्या बाहीवर.

"हलू नका!" काका ओरडले. "कुणी श्वाससुद्धा घेऊ नका!"

"पण कुठाय बी?" सेक्रेटरींचा राग कुठल्या कुठे गेला होता. "मला काहीच दिसत नाही."

कुणालाच दिसत नव्हतं. दाणा मोहरीच्या पाव हिश्श्याएवढा. पण काकांनी गुडघे टेकले, नाक चादरीला लावलं आणि त्यांचे डोळे चमकले. पांढऱ्या कागदावर एक ठिपका कमी की जास्त, एवढंच तर ते एकतीस वर्षं बघत आले होते.

"हा इथे एक अनुस्वार!" ते आनंदाने किंचाळले. "बाई, तुमच्या चपलेजवळ दुसरा! आणि हा बघा, हा तर विसर्ग, दोन आहेत दोन!"

मग काय! गच्चीवर एकच धांदल उडाली. सगळी इमारत रांगायला लागली. काका नजरेने शोधायचे, बाकीचे ओल्या बोटाने उचलून चादरीच्या मधोमध ठेवायचे. सेक्रेटरींची बाही काकूंनी हळूच झटकली, सात दाणे निघाले. बाई खुर्ची सोडून, गुडघे विसरून खाली बसल्या आणि भेगांमधून हेअरपिनने एकेक दाणा उकरू लागल्या. "सापडला! मला सापडला!" असे त्यांचे चित्कार शाळेतल्या पोरींना लाजवत होते. ठेकेदार पिंपं घेऊन आला होता, तोही चवड्यांवर बसला.

"काका," लॉन्ड्रीवाला हळूच म्हणाला, "ते उरलेलं फूल मिटतंय."

"तुझी सावली पडलीय."

"मी इकडं उभा आहे. सावली नाही कुणाची. आणि अकराच वाजलेत."

"अरे, आत्ताच घसा फोडून सांगितलं ना," काका मान वर न करता म्हणाले, "शब्दाचा पावसाशी संबंध नाही म्हणून!"

"शब्दाचा नसेल," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

त्याने चादरीची चार टोकं उचलली, एकत्र पिळली आणि गाठोडं छातीशी धरून जिन्याकडे धूम ठोकली.

"चोर! अरे धरा त्याला! माझं बी!" काका त्याच्या मागे धावले, काकांच्या मागे सेक्रेटरी, त्यांच्या मागे काकू. ते जिन्याच्या दाराशी पोचतात न पोचतात तोच मागे असा आवाज झाला की कुणी आभाळाची कोठीच उलटी केली असावी. पाऊस असा कोसळला की समोरची इमारत दिसेना. ठेकेदाराचं पिंप गडगडत गेलं. भेगाभेगांतून पाण्याचे लोट वाहू लागले, आणि त्यांत उरलं-सुरलं जे काही होतं ते सगळं पन्हळीतून खाली गेलं.

लॉन्ड्रीत, इस्त्रीच्या लांब टेबलावर, सगळ्यांसमोर गाठोडं अलगद सोडलं गेलं. काकांनी एका बोटाने एकेक दाणा मोजला. एकशे बारा दाणे, सगळे कोरडे. सात दाण्यांपासून एकशे बारा! काकांचे डोळे भरून आले. अर्ध्या गालावरचा साबण आणि ते पाणी एक झालं. त्यांनी लॉन्ड्रीवाल्याला मिठी मारली आणि त्याच्या शर्टाला तेवढाच एक पांढरा ठसा उमटला.

काकूंनी बहिणीला फोन लावून काकांच्या हातात दिला.

"एकशे बारा!" मेहुणी पलीकडे एवढ्या जोरात ओरडली की बाईंनाही ऐकू आलं. "भावोजी, तुम्ही कमाल केलीत! कमाल! पावसात सापडले नाहीत ना?"

"नाही. पण... ते फूल अकरालाच मिटलं होतं गं. पावसाच्या आधी."

"मिटणारच! ढगाळलं, हवा दमट झाली की ते मिटतंच. तीच तर गंमत सांगत होते मी तुम्हाला त्या दिवशी."

काकांनी फोन बंद करून काकूंच्या हातात दिला. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"मग काका," लॉन्ड्रीवाल्याने विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ नक्की काय धरायचा? बाईंचा की तुमचा?"

बाईंनी नजर दुसरीकडे वळवली, पण केसांत हेअरपिन खोचणारा त्यांचा हात मध्येच थांबला होता. काकांनी टेबलावरच्या एकशे बारा ठिपक्यांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी असं काही केलं नव्हतं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

"बाईंचा," ते म्हणाले.

काकूंच्या हातातून फोन पडता पडता वाचला.

रोप आठवड्याभरात वाळून गेलं. निम्मं बी मेहुणीकडे रवाना झालं. टब मोकळा होता तेवढ्यात गच्चीचं काम उरकलं, ओट्यावरचं घमेलं उठलं, आणि हंगाम आल्यावर सेक्रेटरींनी टब स्वतःच्या हातांनी उचलून पुन्हा जागेवर नेऊन ठेवला. काकांनी बी बारीक वाळूत मिसळून मातीवर पेरलं, वर नुसता फवारा मारला. चिमण्या टिपतील म्हणून रोज दुपारी जेवण झाल्यावर ते टबाशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसू लागले. हातात काठी, डोळे मातीवर.

दुपारच्या जेवणानंतरचं ऊन, खुर्ची आणि काम नसलेली काठी, यांचा व्हायचा तोच परिणाम झाला. लॉन्ड्रीवाला चादरी घेऊन वर आला तेव्हा काकांची मान छातीवर कलली होती. त्याने जवळ जाऊन नीट पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. त्याने हातातल्या चादरी तशाच खांद्यावर टाकल्या आणि कठड्यावरून खाली वाकून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"काका मिटले!"

पाच मिनिटांत सगळ्या दोऱ्या रिकाम्या झाल्या. सगळ्यात आधी काकूंनी आपले टॉवेल काढले.